आवाज नसलेला दम

कोंडीराम तांबे कबड्डीचा सामना पाहायला जाई, पण पाहत नसे. मधल्या रेघेच्या टोकाशी, पंचाच्या पायांपासून हातभर अंतरावर तो मांडी घालून बसे, मान खाली घाली आणि मातीकडे बघत राही. नवख्या माणसाला वाटावं, याला बसल्या बसल्या डुलकी लागली. तो ऐकत असे. चढाईला निघालेला गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या अंगणात शिरला, की त्याचा आवाज कुठे जाड आहे, कुठे पातळ होतो, कुठल्या अक्षराच्या आड तो चोरून श्वास घेतो, हे कोंडीरामला मातीकडे बघता बघता कळे. पंचाच्या शिट्टीआधी त्याचं बोट जमिनीवर आपटे. दम तुटला.

पाहण्याचं काम सीताराम परबचं. सीताराम त्याच्या डाव्या हाताला बसे आणि फक्त पाय बघे. वळताना टाच टेकते का, उजव्या कोपऱ्यात जायचं असलं की डावा गुडघा आधीच चहाडी करतो का, पकडीतून सुटताना बोटं मातीत रुततात का. सामना संपला की दोघं इराण्याकडे जात, एका चहाचे दोन भाग करत आणि एकच निकाल घेऊन बाहेर पडत. गिरणीच्या संघात अकरा वर्षांत आलेला प्रत्येक गडी असा त्या दोघांच्या हातांखालून गेला होता.

"माका दिसता, तुका ऐकू येता," सीताराम म्हणे. "दोघां मिळान एक माणूस."

छप्पनच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं त्या आठवड्यात, सीताराम पाळी सुटल्यावर लालबागेत आपल्या घराकडे चालला होता आणि गोळीबारात गेला. तो मोर्च्यात नव्हता, असं कोंडीराम एकदा बोलून गेला. ऐकणाऱ्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुन्हा तो ते बोलला नाही. कोपऱ्यावर फळा लागला, फळ्यावर सीतारामचं नाव आलं, नावाला हार आले. सीताराम सगळ्यांचा झाला. सगळ्यांच्या त्या सीतारामला पायांतलं काही कळत नव्हतं.

आता अठ्ठावन्न साल सरत आलं होतं. कोंडीराम सत्तेचाळीस वर्षांचा होता. वरळीच्या बीडीडी चाळीत त्याची एक खोली होती. बायको कांता छातीच्या दुखण्याने जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी शैला लग्न होऊन वडाळ्याला राही. दोन वर्षांपूर्वी त्याने हजारोंबरोबर दीक्षा घेतली आणि भिंतीवरचे देव उतरवले. धुराने काळवंडलेल्या भिंतीवर देवांच्या जागी पांढरे चौकोन राहिले. एका चौकोनात त्याने बाबासाहेबांचा फोटो लावला. बाकीचे चौकोन तसेच होते. कामावरून आला की तो त्यांच्याकडे तोंड करून बसे.

तरुणपणी तो स्वतः चढाईचा गडी होता. गिरणीत त्याच्या माणसांना साचेखात्यात, कापड विणायच्या कामाला, घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि याच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा कसा? म्हणून तो सूत कातायच्या रिंग खात्यात. पण मैदानावर सात जण अंगावर पडत, कमरेला विळखा घालत, घाम घामात मिसळे. शिट्टी झाली की जो तो बाजूला होई आणि पुन्हा हातभर अंतर पडे. सीतारामने त्याला पहिल्यांदा धरलं ते असंच एका सामन्यात, घोट्याला. शिट्टी झाली तरी त्याने लगेच सोडलं नाही. तिथंच मातीत पडल्या पडल्या म्हणाला, "श्वास खूप आसा रे तुझ्यात." त्यानंतर वर्षभरात कोंडीराम गिरणीच्या संघात होता, आणि पुढे गुडघा गेला तेव्हा रेघेच्या टोकाशी, सीतारामच्या उजव्या हाताला.

गिरणीचे वेल्फेअर ऑफिसर हेरंब दिघे दादरचे. वयाने बत्तीस-तेहतीस, बोलणं मऊ, कामगारांनाही अहो-जाहो करणारे. दर साली ते खेळाडूसाठी एक बदलीचं कार्ड राखून ठेवत. कार्ड मिळालं की गडी गिरणीत लागला. कोणाचा खाडा झाला की त्याच्या जागी काम करायचं, संघातून खेळायचं, आणि नीट वागला तर दोन-तीन वर्षांत कायम. गावाकडच्या पोरांच्या बापांना त्या कार्डाचा अर्थ नेमका कळे.

या साली दोन नावं होती. एक धोंडू साळवी, परळच्या व्यायामशाळेतला. त्याला कोंडीरामने चार वेळा ऐकलं होतं. जाड, भरदार आवाज, ठरलेला दम. दुसरा वसंत निकम, साताऱ्याच्या कॉलेजचा, इंटरच्या वर्गात दुसऱ्यांदा बसलेला. कॉलेजांच्या सामन्यांत त्याने एकट्याने अंतिम फेरी जिंकून दिली असं छापून आलं होतं. साताऱ्याला जाऊन त्याला ऐकायचं, तर नेमकी त्याच दिवसांत गिरणीने कोणालाच रजा दिली नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीचा बंद कधी पुकारला जाईल सांगता येत नव्हतं, आणि वरच्यांना हजेरी भरलेली हवी होती.

"तुम्हाला जायलाच नको, कोंडीराम," दिघे साहेब म्हणाले. "माझे मेहुणे रघुवीर तिथं प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडे कॅमेरा आहे. अख्ख्या सामन्याची नाही, पण निकमच्या चढायांची फिल्म घेतलीय त्यांनी. साताराच इथं येतोय."

पहिली पाळी सुटल्यावर वेल्फेअर सेंटरच्या खिडक्यांना काळे पडदे लावले. भिंतीवर चादर ताणली. यंत्र चालवायला शिपाई दगडू होता. मलेरियाच्या आणि आरोग्याच्या फिल्म तोच दाखवी आणि त्या कामाचा त्याला फार अभिमान होता.

यंत्र खडखडू लागलं. चादरीवर माणसं हलू लागली. कोंडीरामने सवयीने मान खाली घातली आणि वाट पाहिली. यंत्राच्या खडखडीखेरीज काहीच आलं नाही.

"आवाज कुठाय साहेब?"

"हिला आवाज नाही. कॅमेरा नुसतं बघतो."

म्हणजे सीतारामचा वाटा आला आणि माझा नाही, असं कोंडीरामच्या मनात आलं. क्षणभर त्याला उठून जावंसं वाटलं. पण शनिवारी अभिप्राय द्यायचा होता आणि तो द्यायला दुसरं कोणी नव्हतं. त्याने मान वर केली.

चादरीवर एक सडपातळ पोरगा रेघ ओलांडत होता. त्याचे ओठ हलत होते. काय चपळ पोरगं ते. आत्ता इथं, आत्ता तिथं, पकडणारे हात नुसते हवेत. कडेला प्रेक्षकांत एक म्हातारा विडी ओढत बसला होता, विडीचा धूर कसा भुर्रकन वर जाई. लोक टाळ्या वाजवत होते, हात तर दिसतच नव्हते. फिल्ममध्ये असंच असायचं, कोंडीरामला वाटलं. जन्मात त्याने जे चार-दोन मुके विनोदी पट पाहिले होते, त्यांतली माणसंही अशीच लगबगीने चालत.

"काय वेग आहे," दिघे साहेब म्हणाले. "बघितलंत? असा गडी आपल्याकडे नाही."

"दगड्या, परत लाव."

दुसऱ्या खेपेला कोंडीरामने त्याला ठाऊक असलेली एकच गोष्ट केली. पोराचा पाय रेघेपलीकडे पडला तसा त्याने छाती भरून घेतली आणि अंधारात म्हणायला लागला. कबड्डी कबड्डी कबड्डी. दगडू हसू दाबायला तोंडावर हात घेऊन उभा राहिला. कोंडीरामला त्याचं भान नव्हतं. जो आवाज फिल्ममध्ये नव्हता तो तो आपल्या छातीतून काढून त्या पोराला देत होता. पोरगा वळला, रेघ गाठली, परतला. कोंडीरामच्या छातीत अजून पाव हिस्सा श्वास शिल्लक होता.

पाच चढाया होत्या. पाचही वेळा तसंच झालं. प्रत्येक वेळी पोरगा घरी, आणि कोंडीरामकडे श्वास उरलेला. पाचव्या वेळी त्याने उरलेला श्वास सोडला तेव्हा त्यात थोडी घमेंड होती, हे त्याला पुढे कळलं.

"साहेब, पाय आहेत. दम नाही."

"इतक्यात कसं म्हणता?"

"मी सत्तेचाळीस वर्षांचा, रिंग खात्यातला कापूस खाल्लेला. दम सरत आला की गडी परततो. माझ्याआधी जो परततो त्याचा दम तो काय? कॉलेजच्या पोरांत चालून गेलं. गिरण्यांच्या सामन्यात दोन चढायांत त्याला कोंडतील."

दिघे साहेबांनी चादरीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत अजून तो वेग होता. पण इतक्या वर्षांत कोंडीरामचा कान चुकला नव्हता.

"ठीक आहे. तुम्ही म्हणता तर."

कोंडीराम रात्रशाळेत चौथीपर्यंत शिकला होता. त्याने सावकाश लिहिलं: 'वसंत निकम. पाय उत्तम. दम अपुरा. घेऊ नये.' खाली सही केली. पूर्वी दोन सह्या असत.

बदलीचं कार्ड धोंडू साळवीला मिळालं.

जानेवारी लागला. सीतारामच्या फळ्यापाशी लोक जमले, भाषणं झाली. कोंडीराम मागे उभा राहिला आणि हार घालायची पाळी येण्याआधी निघून गेला. जेवायला तो सुंदराबाईच्या खाणावळीत जाई. खाणावळ सीतारामने दाखवलेली. तिथल्या त्या दोघांच्या पाटांपैकी एक आता भलत्याच कोणीतरी घेतलेला असे.

"तांब्यानू, घास घेताना ओठ कशाला हलवता?" सुंदराबाईने एकदा विचारलं. "मंत्र म्हणता की मला शिव्या देता?"

"सवय हो, बाई."

"मग शिव्याच द्या. निदान माणसाशी बोलल्यासारखं होईल."

त्याच महिन्याच्या शेवटी दिघे साहेबांनी त्याला बोलावून एक कार्ड हातात दिलं. "तुमच्या खात्यातलं आहे," म्हणाले. साताऱ्याहून आलेलं साधं पोस्टकार्ड होतं, अक्षर टपोरं आणि ओळी सरळ. कोंडीरामने ते तिथंच उभ्याने वाचायला घेतलं.

'वेल्फेअर ऑफिसरसाहेब यांस सा. न. वि. वि. माझा दम अपुरा असल्याचे आपण कळविले. त्याप्रमाणे रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर दम धरून चढत आहे. पहिल्या वळणाच्या पुढे जात होतो, आता दुसरे वळण दिसते तिथपर्यंत जातो. गिरणीला किती दम लागतो ते कळत नाही. कळविल्यास तेवढा करीन. फेब्रुवारी संपता वडील शेतावर बोलावतात, मग खेळणे होणार नाही. आपला, वसंत निकम.'

कोंडीरामने कार्ड घडी न करता खिशात घातलं. रिंग खात्यात उभं राहून दिवसभर तो चात्यांवरचे तुटलेले धागे जोडत होता, आणि त्याच्या डोक्यात तो चढ होता. त्याने अजिंक्यतारा पाहिलेला नव्हता. पण चढावर दम धरणं काय असतं हे त्याला ठाऊक होतं. सपाटीवर ज्याचा दम सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाआधी संपतो, तो चढावर पहिल्या वळणापर्यंत पोचणार कसा? पोरगं खोटं लिहीत असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण खोटं लिहिणारा 'दुसरे वळण दिसते तिथपर्यंत' असं लिहीत नाही. तो सरळ दुसरं वळण लिहितो.

तिसऱ्या दिवशी त्याने साहेबांचं दार ठोठावलं.

"फिल्म पुन्हा बघायचीय."

"आता कशाला? कार्ड धोंडूला गेलं."

"बघायचीय, साहेब."

दिघे साहेब चांगले होते. त्या रविवारी त्यांचे मेहुणे मुंबईला येणार होते. सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या वेळी, पुन्हा पडदे लावले. रघुवीररावांनी आपल्या हाताने रीळ चढवलं, यंत्राकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "दगडू, हे बटण मागच्या वेळी कुठं होतं?"

"जिथं असतं तिथंच, साहेब. मी कधी हात लावत नाही."

"अरे, ते बोलपटाचं आहे. ही बिनआवाजाची. सेकंदाला सोळा चित्रं घेतलेली, तू चोवीसनं पळवलीस."

"मलेरियाची अशीच पळते," दगडू म्हणाला. त्याला अपमान वाटला होता.

रघुवीररावांनी बटण सरकवलं. यंत्राची खडखड खाली आली, एखादं कुत्रं भुंकायचं थांबून नुसतं गुरगुरावं तशी. चादरीवर वसंत निकमने रेघ ओलांडली. कोंडीरामने छाती भरून घेतली. पण म्हणायला सुरुवात करण्याआधी त्याला कडेचा म्हातारा दिसला. त्याच्या विडीचा धूर आता सावकाश वर चालला होता, जसा धूर जातो तसा, मध्येच थांबत, वळत. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात दिसत होते. एक बाई पदराने वारा घेत होती आणि पदर पुरता हलून मग परत येत होता.

सीतारामने हे पहिल्या खेपेलाच पाहिलं असतं. तो म्हणाला असता, 'कोंड्या, थांब, धूर बघ.' पायांकडे बघणाऱ्या माणसाला धूरही दिसतो.

कोंडीराम म्हणायला लागला. कबड्डी कबड्डी कबड्डी. पोरगा उजव्या कोपऱ्याकडे गेला, परत मध्ये आला, एकाला हुलकावणी दिली, मागे सरला, पुन्हा आत गेला. कोंडीरामची छाती आतल्या बाजूने ओढली जाऊ लागली. कानांत रक्त वाजू लागलं. आवाजाचा दोरा पातळ झाला, केसाएवढा झाला आणि तुटला. त्याचं बोट आपसूक गुडघ्यावर आपटलं.

चादरीवर वसंत निकम अजून समोरच्या अंगणात होता. त्याचे ओठ हलत होते.

तो परतला तेव्हा कोंडीरामचा दुसरा श्वास घेऊन झाला होता. पुढच्या चढायांना त्याने तोंड उघडलं नाही. नुसता बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाचे पाय नीट बघत होता, आणि ते कसे बघायचे हे विचारायला डाव्या हाताला कोणी नव्हतं.

रघुवीरराव आणि दगडू रीळ उतरवत असताना त्याने साहेबांना बाजूला घेतलं.

"माझं चुकलं."

"यंत्राचं चुकलं, कोंडीराम."

"यंत्राने सही नाही केली. मी केली."

दिघे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "धोंडू कामावर चढलाय. त्याला काढू म्हणता?"

"नाही."

"तो वाईट आहे का?"

"वाईट नाही. आहे तेवढा आहे."

"मग पुढच्या साली बघू निकमचं."

"पुढच्या साली तो शेतावर असेल."

"हे बघा," साहेबांनी आवाज आणखी खाली आणला, "ही गोष्ट आपल्यातच राहू द्या. वरपर्यंत गेली तर खेळाडूचं कार्डच बंद करतील. तुमच्या भल्याचं सांगतो."

ते भल्याचंच सांगत होते. कोंडीरामने मान हलवली आणि बाहेर पडला. वरळीकडे न वळता तो चालत लालबागेत गेला.

लालबागेतल्या दुसऱ्या एका गिरणीच्या संघाचं काम तात्या गावडे बघत. साठीचा माणूस, गळ्यात मफलर, तोंडात कायम अर्धी सुपारी. वर्षानुवर्षं ते आणि कोंडीराम रेघेच्या दोन टोकांना बसलेले. मैदानाबाहेर ते कधी बोलले नव्हते. तात्या चाळीच्या कठड्याला रेलून उभे होते.

"अरे वा," तात्या म्हणाले. "वरळी आज लालबागेत? काय, दोन गिरण्यांचं द्विभाषिक राज्य करतोस की काय?"

"तात्या, तुमचा यंदाचा गडी खांदा मोडून बसलाय ना?"

"बसलाय. हसायला आलास?"

"तुमचं कार्ड रिकामं आहे. साताऱ्याचा वसंत निकम. त्याला घ्या."

तात्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "जो तू नाकारलास? तुझ्याच सहीने? सगळ्या गिरणगावाला ठाऊक आहे. मला खुळा समजतोस?"

कोंडीरामने त्यांना सगळं सांगितलं. बटण, सोळा, चोवीस, विडीचा धूर. सांगताना त्याला स्वतःलाच ते पोरकट वाटलं. मग त्याने खिशातलं पोस्टकार्ड काढून दिलं. तात्यांनी ते लांब धरून वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचलं.

"याला ऐकलायस तू?"

"नाही. अजून नाही."

"नुसत्या मुक्या सिनेमावर सांगतोस?"

"माझा दम तुटला, तात्या. त्याचा चालू होता."

रस्त्यावरून मुलांचं एक टोळकं 'मुंबई आमची' म्हणत गेलं. तात्यांनी ते जाऊ दिलं.

"तुझ्या गिरणीत कळेल हे."

"कळेल."

"मग तुला रेघेपाशी बसू देतील?"

"नाही देणार."

"सीताराम असता तर त्याने तुला इथं येऊ दिलं नसतं."

"सीताराम असता तर यावं लागलं नसतं."

तात्यांनी पोस्टकार्ड परत दिलं. मग म्हणाले, "चहा घेणार?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन दोन कप घेऊन आले. कप सारखे होते. कोंडीरामने ते पाहिलं, आणि आपण अजूनही आधी तेच पाहतो, याचा त्याला थकवा आला.

चाळीत परतल्यावर त्याने एक पोस्टकार्ड लिहिलं. चार ओळी लिहायला त्याला तासभर लागला.

'वसंत निकम यांस. तुमच्या दमात काही कमी नव्हते. ऐकणाराने चूक केली. लालबागहून तात्या गावडे यांचे पत्र येईल, यावे. चढणे थांबवू नये. कोंडीराम तांबे.'

थोड्या वेळाने त्याने 'चढणे थांबवू नये' खोडायला पेन उचललं. मग राहू दिलं.

व्हायचं ते झालं. वसंत निकम फेब्रुवारीत लालबागेच्या गिरणीत लागला, आणि आठवड्याच्या आत कोंडीरामच्या खात्यात लोक त्याला बघून बोलायचे थांबू लागले. दिघे साहेबांनी त्याला बोलावलं नाही, रागावले नाहीत. सूचनाफलकावर फक्त संघनिवडीच्या कामासाठी दुसऱ्याचं नाव लागलं. धोंडू साळवी एकदा दारात गाठून म्हणाला, "काका, मी तुम्हाला एवढा जड झालो होतो?" कोंडीरामने सवयीने मान खाली घातली. धोंडूचा आवाज भरदार होता, बोलतानाही.

मार्चमध्ये परळच्या मैदानात दोन्ही गिरण्यांची गाठ पडली. रेघेच्या टोकाशी एक तरुण कारकून खुर्ची टाकून बसला होता. कोंडीराम मागे, गर्दीच्या चौथ्या रांगेत बसला. आपल्या गिरणीचे लोक ज्या बाजूला होते त्या बाजूला तो गेला नाही, समोरच्या बाजूलाही नाही. कोपऱ्यात जिथं कोणाचेच लोक नव्हते, तिथं जागा मिळाली.

"तांबे आलाय बघ," मागून कोणीतरी म्हणालं. "आज कोणाकडून ऐकणार रे?"

सामना सुरू होण्याआधी वसंत निकम गर्दीच्या कडेने आला. फिल्ममध्ये दिसला त्याहून तो ठेंगणा होता. "काका, जरा वाट द्या," त्याने कोंडीरामला म्हटलं. कोंडीरामने पाय आखडून घेतले. पोरगा त्याच्या अंगावरून गेला. त्याला नाव सांगावं असं कोंडीरामला वाटलं, पण ते वाटेपर्यंत तो मैदानात पोचला होता.

पहिली चढाई धोंडूची झाली. चांगली झाली. मग वसंत निकमने रेघ ओलांडली आणि कोंडीरामने मान खाली घातली.

आधी गोंगाटच आला. मग गोंगाटाच्या खालून, सुईच्या नाकातून दोरा यावा तसा, एक आवाज वर आला. मोठा नव्हता. जाड नव्हता. सुरुवातीला जेवढा होता तेवढाच मध्ये, तेवढाच कोपऱ्यात. रिंग खात्यातल्या एखाद्या चातीवर न तुटता तासन्‌तास धागा चालतो आणि कामगार तिच्याकडे बघायचंच विसरतो, तसा. कोंडीरामचे ओठ हलायला लागले. कबड्डी कबड्डी. तो त्याच्याबरोबर गेला, वळला, आत शिरला. कोणीतरी घोट्याला हात घातला असावा, लोक ओरडले, आवाज जागचा हलला नाही. कोंडीरामचा श्वास संपला. तो थांबला आणि पुढचं नुसतं ऐकत राहिला. पोराचा आवाज त्याला मागे टाकून पुढे गेला, पहिल्या वळणापलीकडे, दुसरं वळण दिसतं तिथपर्यंत.

दोन गडी बाद झाले. त्यातला एक धोंडू. लालबागची बाजू ओरडत उभी राहिली.

कोंडीरामने डावीकडे मान वळवली. तोंड उघडलं होतं, वाक्य तयार होतं. तिथं एक अनोळखी माणूस भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता.

"काय?" त्या माणसाने विचारलं.

"काही नाही," कोंडीराम म्हणाला. "पाय कसे टाकतो तो? मी बघितले नाहीत."

माणसाने मैदानाकडे पाहिलं, मग याच्याकडे. "समोर तर बसलायत," तो म्हणाला आणि पुढ्यातल्या शेंगांतल्या दोन उचलून कोंडीरामच्या हातावर ठेवल्या.

कोंडीरामने त्या मुठीत धरल्या आणि पुढच्या चढाईला पुन्हा मान खाली घातली.